झपाटलेल्या वाड्याची कादंबरी रस घेऊन कशी वाचावी

देवगाव फाट्यावरून जालन्याकडे निघा, जिंतूरकडे निघा की सेलूकडे वळा. रस्त्यापासून जरा आत गेलं की जुन्या गावांतून पडक्या गढ्या आणि कुलूपबंद वाडे आजही दिसतात. पांढऱ्या मातीचा ढासळलेला बुरूज, दिंडी दरवाजाची उरलेली चौकट, आत माजलेलं बाभळीचं रान. गावात त्या जागेबद्दल काही ना काही बोललं जातंच. तळघरात धन आहे, थोरल्या पातीचा निर्वंश झाला, तिन्हीसांजेला लेकरांना तिकडे पाठवू नये. हे ऐकत जो लहानाचा मोठा झाला, त्याची झपाटलेल्या वाड्याची कादंबरी वाचायची निम्मी तयारी आधीच झालेली असते.

तरी पुष्कळ वाचक अशी कादंबरी हौसेनं उघडतात आणि पन्नासेक पानांत मिटून ठेवतात. तक्रार बहुधा एकच असते: अजून भूत कुठं आलंच नाही. भुताची वाट पाहत वाचलं की असंच होणार. या कादंबऱ्यांत खरं पात्र असतं ते घर. नजर घरावर ठेवली की पहिल्या पानापासून काहीतरी घडत असल्याचं आपल्याला दिसू लागतं. ते कसं, हे एकेक टप्पा घेत पाहू.

आधी थोडी ओळख करून घेऊ. या प्रकाराला गॉथिक म्हणतात. गॉथिक ही मुळात युरोपातली मध्ययुगीन बांधकामाची शैली: टोकदार कमानी, उंच मनोरे, अंधारे दगडी जिने. होरेस वॉल्पोल नावाच्या इंग्रज गृहस्थाला या शैलीचं वेड होतं. लंडनजवळच्या स्ट्रॉबेरी हिल या आपल्या घराला त्यानं तसंच रूप दिलं, आणि डिसेंबर १७६४ मध्ये ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी काढली. स्वतःचं नाव न घालता, एका जुन्या इटालियन पुस्तकाचा अनुवाद असं भासवून. लोकांना ती आवडल्यावर दुसऱ्या आवृत्तीत त्यानं लेखक आपणच असल्याचं सांगितलं आणि नावाखाली ‘गॉथिक कथा’ असं छापलं.

त्या कादंबरीत सुरुवातीलाच, ऐन लग्नाच्या दिवशी, एक अजस्र शिरस्त्राण अंगावर पडून तरुण राजपुत्र चिरडून मरतो. वाचणाऱ्याचे डोळे तिथंच खिळतात. पण त्याच पानांवर एक जुनं भाकीत आलेलं असतं: खरा धनी किल्ल्यात मावेनासा झाला की हा किल्ला सध्याच्या घराण्याच्या हातून जाईल. म्हणजे आत राहणारे लोक खरे धनी नाहीत. शिरस्त्राण विसरलं तरी बिघडत नाही, हे भाकीत मात्र विसरायचं नाही. पुढच्या अडीचशे वर्षांत या प्रकारात जे जे चांगलं लिहिलं गेलं, त्यातल्या बऱ्याचशा पुस्तकांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. हे घर यांच्याकडे आलं कसं?

आता पुस्तक निवडू. मराठीत सुरुवात नारायण धारप (१९२५–२००८) यांच्यापासून करावी. त्यांची ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंग या अमेरिकी लेखकाच्या ‘सालेम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीवर बेतलेली आहे. अशा पुस्तकाला रूपांतर म्हणतात, म्हणजे कथेचा सांगाडा मूळचा ठेवून गाव, माणसं, रीतिभाती आपल्याकडच्या करायच्या. मूळ पुस्तक वाचलेलं असेल तर दोन्ही पुस्तकं ताडून पाहायचा मोह होतो. पहिल्या वाचनात तो आवरावा; नाहीतर लक्ष वाड्यात राहत नाही, हिशेबात जातं. धारपांची पुस्तकं मिळवायला पुण्यापर्यंत जायची गरज नाही, त्यातली बरीच छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनानं पुन्हा काढली आहेत.

निवडताना दोन ठिकाणी गडबड होते. एक म्हणजे कादंबरी हवी असताना कथासंग्रह घेतला जातो. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथा जरूर वाचाव्यात, पण कथा एका बैठकीत आपला धक्का देऊन मोकळी होते. कादंबरीचा चढ संथ असतो आणि तिची गोडी त्या संथपणातच आहे. दुसरी गडबड अनुवाद घेताना होते. आतल्या पानावर ‘संक्षिप्त’ असं कुठं छापलंय का, हे जरूर पाहा. संक्षेप करणारा पहिली कात्री वर्णनांना लावतो, आणि या प्रकारात वर्णनं कापली की वाडाच कापला जातो.

थेट जाड पुस्तकात शिरायची धास्ती वाटत असेल तर आधी एक कथा वाचून हात बसवा. रवींद्रनाथ ठाकुरांची ‘क्षुधित पाषाण’, १८९५ सालची. ती निवडायला आपल्याकडे खास कारणही आहे. त्यातला गोष्ट सांगणारा माणूस हैदराबादच्या निजामाच्या नोकरीत असतो आणि कापसावरचा कर गोळा करतो. आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत याच निजामाच्या राज्यात होता, आणि सेलू-मानवतच्या बाजाराला कापूस काय हे सांगायला नको. हा तरुण नदीकाठच्या एका ओसाड संगमरवरी महालात एकटा राहायला जातो. कचेरीतला म्हातारा कारकून त्याला बजावतो, दिवसा खुशाल राहा, रात्री तिथं थांबू नका.

या कथेत पाहण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत, आपण दोनच पाहू. दिवसा हा माणूस साहेबी कपडे घालून कराचे आकडे लिहितो आणि रात्रीच्या गोष्टी त्याला खुळ्या वाटतात. संध्याकाळ झाली की मात्र त्याचे पाय आपोआप महालाकडे वळतात. घर माणसाला असं सावकाश आपलंसं करत नेतं. हा या प्रकाराचा गाभा आहे. दुसरी गोष्ट सांगण्याच्या जागेची. हे सगळं तो एका रेल्वे जंक्शनवर, उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहताना सहप्रवाशांना सांगतो, आणि ऐन मोक्यावर गाडी येते. गोष्ट अर्धीच राहते. फाट्यावर वाहनाची वाट पाहत बसलेल्या माणसाला ही जागा वेगळी समजावून द्यावी लागत नाही. गुलजार यांचा ‘लेकिन’ हा चित्रपट याच कथेवर सैलपणे आधारलेला आहे. लता मंगेशकर त्याच्या निर्मात्या होत्या आणि संगीत हृदयनाथांचं. तो पाहिला असला तरी कथा वाचा, ती बरीच निराळी आहे.

हात बसला की कादंबरी घ्या आणि वाचायची वेळ ठरवा. रात्रच हवी असं नाही. हवा असतो तो सलग अर्धा-पाऊण तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. एस.टी. येईपर्यंत पाच पानं, दुकानात गिऱ्हाईक नसताना दोन पानं, अशी ही कादंबरी वाचली तर ती कंटाळवाणी वाटणारच. भीती थेंबाथेंबानं साचते. मधेच उठलं की साचलेलं सगळं ओसरतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

यापुढचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथं जरा थांबू. पहिल्या पन्नास पानांत घराचा नकाशा मनात पक्का करा. जमलं तर कागदावर काढाच. दरवाजा कुठं, जिना कुठं, कोणत्या खोलीला कुलूप आहे, कोणती खिडकी बाहेरून दिसते पण आतून सापडत नाही. इंग्रजी कादंबरीत ॲटिक येईल, म्हणजे छपराखालचा माळा. सेलर म्हणजे तळघर. विंग म्हणजे वाड्याची एक पुरी बाजू. परके शब्द आले म्हणून दचकू नका. त्यांच्या जागी आपल्या घराचे शब्द ठेवून पाहा.

मराठवाड्यातल्या जुन्या घराकडे या नजरेनं पाहिलं तर थक्क व्हायला होतं. ढेलजेतून आत शिरलं की लगेच उजेड कमी होतो. चौक ओलांडून माजघरात गेलं की भर दुपारी डोळ्यांना काही सुचत नाही. उजेड येतो तो माळवदातल्या साण्यातून, म्हणजे छताला ठेवलेल्या भोकातून, आणि तो जमिनीवर एका जागी पडून दिवसभर सरकत राहतो. भिंती दोन-तीन हात जाड. त्याच भिंतीत धान्याचं बळद, ज्यात माणूस उतरला तर बाहेरून दिसत नाही. अंगणात पेव, म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. ते बराच काळ बंद राहिलं की आत विषारी हवा साचते, म्हणून जाणती माणसं लगेच उतरत नाहीत. दडवायला, लपायला, कोंडायला इतक्या जागा असलेलं घर हाताशी असताना गॉथिक कादंबरीसाठी इंग्लंडचा किल्ला कशाला हवा?

घराचे आवाजही आधी ओळखून ठेवा. दिवसा तापलेली तुळई रात्री गार होताना कडकते. किलचांमधून, म्हणजे तुळयांवर बसवलेल्या लाकडी फळ्यांमधून, माती झडते. कीड लागलेल्या खांबातून रात्री बारीक कुरतडल्यासारखा आवाज येतो आणि सकाळी खाली पिवळसर भुगा पडलेला असतो. चांगला लेखक हे सगळे साधे आवाज आधी आपल्या कानाला नीट परिचित करून देतो. मग एके रात्री त्यात न बसणारा एक आवाज घालतो. आधीची पानं आपण चाळून सोडली असतील तर हा नवा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. वर्णनं गाळणं ही या वाचनातली सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

शर्ली जॅक्सन या अमेरिकी लेखिकेनं ‘द हॉंटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) मध्ये हे फार बारकाईनं केलंय. त्या घरातला एकही कोन काटकोन नाही. प्रत्येक भिंत, प्रत्येक पायरी किंचित चुकलेली. नुसतं वाचतानाही तोल जातो. आपल्याला घर म्हणजे आसरा वाटतो, तो विश्वासच ती काढून घेते. मराठवाड्यात हा विश्वास एकदा खरोखरच मोडला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छतं झोपेतल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर माळवदाखाली निजायला पुष्कळांचं मन धजेना. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांच्यासाठी ‘घरच माणसाला गिळतं’ ही नुसती कल्पना उरत नाही, म्हणून घरात कुणी तेव्हाचं दुःख बाळगून असेल तर असं पुस्तक त्यांना मोठ्यानं वाचून दाखवू नये.

नकाशा झाला की पुढचा प्रश्न विचारा: हे सगळं आपल्याला सांगतंय कोण? गॉथिक कादंबरीत सांगणारा बहुधा घरात नव्यानं आलेला असतो. नवी सून, शिकवणीची बाई, वारसा सांगायला आलेला पुतण्या. त्याला घर माहीत नसतं, म्हणून त्याच्याबरोबर आपल्यालाही कळत जातं. पण त्याचं सगळं खरं मानू नका. तो घाबरलेला असतो, एकटा असतो, कधी काही लपवत असतो. अशाला बेभरवशाचा निवेदक म्हणतात, म्हणजे ज्याचं सांगणं पारखून घ्यावं असा. डॅफ्ने द्यू मोरिएच्या ‘रिबेका’ (१९३८) मध्ये नवी बायकोच गोष्ट सांगते, आणि पुस्तक संपेपर्यंत तिचं स्वतःचं नाव आपल्याला कळत नाही. नाव कळतं ते पहिल्या, मेलेल्या बायकोचं, तेही पानोपानी. त्या घरात भूत नाही, तरी घर पुरतं झपाटलेलं आहे.

मग कागदांकडे वळा. मृत्युपत्र, जुनी पत्रं, भिंतीवरची पूर्वजांची चित्रं, धर्मग्रंथाच्या पहिल्या पानावर लिहिलेली नावं. गॉथिक कादंबरीत असं काही दिसलं की वाचनाचा वेग कमी करा. आपल्याकडे याला देशमुखीची सनद म्हणा, फेरफार म्हणा, जुनं खासरा पत्रक म्हणा. ज्यानं तहसीलात जाऊन आजोबांच्या नावाची नोंद शोधलीय, त्याला कागदातून माणूस कसा वर येतो हे ठाऊक असतं. कुणाचं नाव खोडलंय, कोणती बहीण वारसांत दाखवलीच नाही, कुणाची जमीन कुणाच्या नावे लागली. वाड्यांची पडझडही कागदातूनच समजते. जहागिऱ्या गेल्या, १९५० चा हैदराबाद कुळकायदा आला, वाटण्या झाल्या, पोरं शहरात गेली. वाडा सांभाळायला लागणारं उत्पन्न आटलं आणि पडका भाग बंद करून उरलेल्यात राहणं सुरू झालं. गॉथिक कादंबरीतली ती बंद बाजू बहुतेक वेळा अशीच बंद झालेली असते.

याच टप्प्यावर आपल्याला कळू लागतं की भूत येतं ते काहीतरी मागायला. दडवलेला अन्याय, नाकारलेला वाटा, न पेटलेली चिता. ‘तुंबाड’ (२०१८) हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना वाडा, धन आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरणारी हाव यांचं नातं आठवेल. त्या चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलंय.

भीतीबद्दलही थोडं समजून घेतलं पाहिजे. ॲन रॅडक्लिफ ही या प्रकारातली मोठी इंग्रज लेखिका. तिच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापल्या गेलेल्या एका लेखात तिनं भीतीचे दोन प्रकार वेगळे केले. एक धास्ती: काहीतरी आहे, पण नीट दिसत नाही, हिच्यानं मन जागं आणि मोठं होतं. दुसरा थरकाप: सगळं समोर उघडं पडलं, यानं मन गोठतं. माझ्या मते उत्तम वाड्याची कादंबरी शेवटपर्यंत धास्तीवर चालते. रक्त आणि सांगाडे फार लवकर दाखवणारा लेखक घाईत असतो. आपणही घाई करू नये, आणि शेवटचं पान आधी उघडू नये. त्यानं गुपित कळतं, पण धास्ती कायमची जाते.

पुढची अडचण विचारी वाचकाला हमखास येते. खरंच भूत आहे, की सांगणाऱ्याच्या मनाचा खेळ? हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१८९८) या छोट्या कादंबरीवर हा वाद शंभराहून अधिक वर्षं चालू आहे. त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकानं १९७० मध्ये मांडलं की अशा लेखनाचं सुख या दोलायमान अवस्थेतच असतं. उत्तर ठरलं की ते संपतं. म्हणून दोन्ही शक्यता जवळ ठेवून वाचा. तिसाव्या पानावर निकाल देऊ नका.

काहींना वाटतं, असलं वाचणं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी. ही शंका रास्त आहे आणि तिला नीट उत्तर दिलं पाहिजे. कादंबरीतल्या भुतावर विश्वास ठेवावा लागत नाही. ते पुस्तकापुरतं मान्य करायचं. उलट चांगली गॉथिक कादंबरी कोंडलेल्या, वाळीत टाकलेल्या, बोलू न दिलेल्या माणसाच्या बाजूनं उभी राहते. जयवंत दळवींच्या ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीतून आलेलं ‘बॅरिस्टर’ हे नाटक पाहा. त्यात भूत नाही. जुना वाडा आहे, विधवांच्या वाट्याला आलेलं केशवपन आहे, घराण्यात उतरणाऱ्या वेडाची टांगती धास्ती आहे. मात्र पुस्तक मिटल्यावर गावातल्या पडक्या घरात एकट्या राहणाऱ्या एखाद्या म्हातारीकडे भुताटकीच्या नजरेनं पाहिलं, तिला करणी करणारी ठरवलं, तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भीतीची मजा पानावरच संपली पाहिजे.

फारच भीती वाटली तर? ऐन भयाच्या जागी पुस्तक बंद करू नका, कारण मग ती जागा रात्रभर डोक्यात चालू राहते. प्रकरण संपवा, उठून पाणी प्या, घरातल्या कुणाशी दोन शब्द बोला. उरलेलं सकाळी वाचा. उन्हात वाचलेलं भूतही वाया जात नाही. मुलांना असं पुस्तक देताना आधी स्वतः वाचून बघावं.

शेवटची पन्नास-साठ पानं मात्र एका बैठकीत वाचा. या कादंबऱ्यांचा शेवट बहुधा घराच्या शेवटाशी बांधलेला असतो. घर जळतं, ढासळतं, बुडतं, किंवा सगळे निघून जातात आणि ते तसंच उभं राहतं. एडगर ॲलन पोनं १८३९ मध्ये लिहिलेल्या अशर घराण्याच्या कथेत सुरुवातीलाच भिंतीवर एक बारीक, डोळ्यांना जेमतेम दिसणारी चीर आहे. शेवट आला की विचारा: ही चीर कुठून सुरू झाली होती?

त्यासाठी संपल्या संपल्या पहिलं प्रकरण परत वाचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण पुष्कळ वाचक ते टाळतात. आधी ज्या वाक्यांवरून आपण घसरत गेलो होतो, ती आता नीट उभी दिसतात. म्हातारा गडी पहिल्याच दिवशी नजर का चुकवतो, ती खोली दाखवताना घरधनीण का थांबते, कुत्रं उंबऱ्याच्या आत का येत नाही.

एवढं जमलं की पुढचं वाचन महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’चं करावं. १९८५ मध्ये रंगभूमीवर आलेलं हे नाटक विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात घडतं. घरातला कर्ता पुरुष गेलाय, मुंबईचा मुलगा आलाय, दारात नादुरुस्त ट्रॅक्टर पडलाय आणि दिवसांचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न आहे. आधीच्या कादंबऱ्यांत शिकलेली प्रत्येक गोष्ट इथं वापरून पाहा: नकाशा काढा, कागद आणि दागिने कुणाकडे आहेत ते टिपा, कोण काय बोलत नाही त्याकडे लक्ष द्या. त्याचे पुढचे दोन भाग, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’, याच क्रमानं वाचावेत.